तात्पुरत्या उजेडाची आत्या

पृथ्वीवर जेवढं ऊन वाया जातं त्यातलं निम्मं तरी माझ्यामुळे जातं, असं आमच्या हिच्या आत्याचं प्रामाणिक मत आहे. उरलेलं निम्मं सरकारमुळे. हे मत ती चारचौघांत बोलून दाखवते, आणि तेही अशा सुरात की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ रोज सकाळी नळ उघडा टाकावा तसा सूर्य उघडा टाकून कचेरीला जातो. माझं डोकं पुढच्या बाजूने बरंच मोकळं झालेलं आहे. एकदा भर दुपारी मी तिच्या अंगणात चपला काढत होतो, तर ती माझ्या टकलाकडे बघत राहिली आणि हळहळून म्हणाली, “अहो जावईबापू, एवढी चांगली मोकळी जागा, दक्षिणेकडे उतार, आणि उपयोग शून्य!” तिच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार होते. ज्यांच्या छपरावर सौर पॅनेल आहे ते, आणि जे अजून सुधारलेले नाहीत ते. ज्यांना धड छप्परच नाही असाही एक तिसरा प्रकार असतो हे तिला पुढे कळलं, आणि तिचं ते कळणं आम्हा सगळ्यांना चांगलंच महागात पडलं.

आत्या नागावची. तिथल्याच शाळेत तिने जन्मभर विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर वडिलांच्या नारळ-सुपारीच्या वाडीत, दोन खोल्या पर्यटकांना देत, एकटीने राहू लागली. एकटीने हे आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात अर्ध्या तालुक्याला ती अजून वर्गात बसल्यासारखी वागवते. भाजीवाली म्हणाली, “ताजी हाय,” की ही म्हणते, “सिद्ध कर.” बँकेतल्या मुलीने मशीन बंद असल्याचं सांगितलं तर “नुसतं उत्तर नको, कारण दे,” म्हणून तिला काउंटरवरून उठवून उभी करते. शाळेने निरोपसमारंभात तिला शाल-श्रीफळाच्या जोडीला एक सौर कंदील दिला. कोणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली ते शाळेने अजून उघड केलेलं नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. दिवसभर उन्हात ठेवलेला तो कंदील संध्याकाळी लागला, आणि आत्याला जन्मभर फळ्यावर खडूने काढलेला सूर्य पहिल्यांदाच कामाला आलेला दिसला. तिथून तिला जे वेड लागलं ते लागलंच.

आता नागावच्या वाडीत सौर ऊर्जेचा नाद करणं म्हणजे मुंबईत राहून गाय पाळण्यासारखं आहे. माड आणि पोफळी इतक्या दाट, की भर वैशाखात जमिनीवर ऊन पडतं ते चिल्लर पडल्यासारखं. आत्याने पहिलं पॅनेल हौसेने कौलांवर बसवलं. माडाचा नारळ माणसाच्या डोक्यात पडत नाही अशी कोकणात श्रद्धा आहे. पॅनेलच्या बाबतीत माडांनी असला काही शब्द दिलेला नव्हता. आठवड्याच्या आत एक शहाळं सुटलं आणि पॅनेलच्या मधोमध बसलं. आत्याने त्या माडाशी बोलणं टाकलं, पण माघार घेतली नाही. तिने घडीचं, उचलून नेता येईल असं पॅनेल आणलं, ते वेताच्या खुर्चीवर टेकवलं, आणि वाडीत जिथे कवडसा जाईल तिथे ती खुर्ची सरकवत फिरू लागली. सकाळी विहिरीपाशी, दुपारी गोठ्याच्या दारात, चार वाजता रस्त्याच्या कडेला. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, “आजी, त्या खुर्चीवर कोणी बसत नाही का?” आत्या म्हणाली, “बसतात. सूर्यनारायण.” पाहुण्यांनी दुसऱ्या दिवशी खोली सोडली. जाताना त्यांनी खोलीत एसी नसल्याची तक्रार केली. त्यांना आत्याने वाडीत नेऊन पोफळींखाली उभं केलं आणि “हा चालू आहे,” एवढंच सांगितलं.

सामानासाठी तिच्या मुंबईला खेपा सुरू झाल्या. एकदा तिच्याबरोबर गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या बोटीत मी होतो. लोक वरच्या डेकवर उभे राहून समुद्रपक्ष्यांना कुरकुरे घालत होते. आत्याने तासाभराचं ऊन फुकट जाताना पाहिलं, पिशवीतून पॅनेल काढलं आणि बाकावर ऐसपैस पसरलं. पक्ष्यांनी ते पाहिलं. खाणं घालणाऱ्या माणसांपेक्षा ही काळी चकचकीत फळी त्यांना जास्त आवडली असावी, कारण मांडवा येईपर्यंत त्यांनी तिच्यावर आपापला अभिप्राय पांढऱ्या शाईत नोंदवला. खलाशी ओरडला, “बाई, काय वाळत घातलंय?” आत्या तितक्याच जोरात म्हणाली, “ऊन!” मी त्या क्षणी समुद्रात अतिशय लांबवर काहीतरी बघत होतो.

या सगळ्यातून तिने एक पेटी तयार केली. पत्र्याची, हातात धरून नेता येईल अशी. आत बॅटरी, तीन-चार दिवे लावायची सोय, मोबाइल चार्ज करायचं भोक, आणि झाकणाला बांधलेलं घडीचं पॅनेल. तिला तिने नाव दिलं सूर्यपेटी. पण आमच्याकडे पेटी म्हटलं की माणसाच्या तोंडाला आधी आंब्याचं पाणी सुटतं. आत्याने फोनवर “तुम्हाला एक पेटी पाठवतेय” म्हटल्यावर नात्यातल्या किती घरांत अढी घालायला पेंढा आणून ठेवला गेला आणि नंतर किती घरांत तिच्याविषयीचं मत बदललं, ते विचारू नये.

हे सगळं कौतुकाचं वेड होतं तोवर ठीक होतं. बुधीने त्याला कामाला लावलं.

बुधी माणगावच्या पलीकडच्या डोंगरातली. तिथे तिची आदिवासी वस्ती. दिवाळीनंतर वस्तीतली माणसं कामाला बाहेर पडत, कोणी वीटभट्टीवर, कोणी किनाऱ्याच्या बागांत. बुधी आणि तिचा नवरा दर वर्षी आत्याच्या वाडीत येत, सुपारी सोलत, माडांची आळी साफ करत आणि पावसाच्या तोंडावर परत जात. अंगाने काटक, बोलायला मोजकी, आणि आत्याला न घाबरणारी अशी ती बाई. एका संध्याकाळी ती सुपारीच्या ढिगापाशी बसून पेटीच्या दिव्याकडे बघत होती. म्हणाली, “आत्या, हा दिवा उचलून नेता येतो व्हय?”

“येतो. त्यासाठीच तर केलाय.”

“मंग आमच्याकडं पायजे.”

“तुमच्या वस्तीवर खांब आले होते ना गं? वीज आली म्हणून पेढा दिला होतास मला.”

“खांब हाईत,” बुधी म्हणाली. “आमी न्हाय तितं.”

मग तिच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं ते असं. आदल्या पावसाळ्यात वस्तीच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग पडली. साहेबलोक आले, त्यांनी भेग पाहिली आणि सगळ्यांना खाली माळावरच्या पत्र्याच्या शेडींत आणून ठेवलं, दोन महिन्यांपुरतं. पुढे श्रावणात खरोखरच दरड आली आणि वरची घरं, देवाचं ठाणं आणि गोठ्यातल्या शेरड्या घेऊन गेली. माणसं वाचली, कारण ती शेडीत होती. तेव्हापासून ती शेडीतच होती. वस्तीवर खांब होते, तारा होत्या, दोन घरांच्या उरलेल्या भिंतींवर मीटरसुद्धा होते. म्हणजे वीज होती तिथे माणसं नव्हती, आणि माणसं होती तिथे वीज नव्हती. असा चोख बंदोबस्त ठरवून करायला गेलं तर जमत नाही.

आत्या दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीत येऊन बसली. माझ्या रजेचं काय, हा प्रश्न तिच्या विषयात येत नाही. आम्ही थेट तिकडच्या वीज कचेरीत गेलो. साहेबांच्या केबिनचं दार ढकलून ती आत शिरली, आणि साहेब खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे भिंतीवर आपटली. ते तिचे विद्यार्थी निघाले. आत्या माणसांची नावं विसरते, तुकड्या विसरत नाही.

“नववी ब ना रे तू?”

“हो बाई. बसा ना बाई.”

“मी बसते. तू उभाच राहा.” आणि तिने शेडींचा विषय काढला.

साहेब भिडस्त होते. हात चोळत म्हणाले, “बाई, अडचण अशी आहे, ती वस्ती तात्पुरती आहे. तात्पुरत्या वस्तीला कायमची जोडणी देता येत नाही. नियम आहे.”

“गतीचे नियम तीन, विजेचा एक. मीच शिकवलेत तुला. त्यातला हा कुठला?”

“हा खात्याचा आहे, बाई.”

“बरं, मग तात्पुरती जोडणी दे.”

“ती लग्नाच्या मांडवाला वगैरे मिळते. पण त्यासाठी कार्य कधी उरकणार ते लिहून द्यावं लागतं.”

“म्हणजे डोंगराला विचारून यावं लागेल,” आत्या म्हणाली आणि उठली. दारात थांबून तिने वळून पाहिलं. “कायमची वीज तू देऊ शकत नाहीस. ठीक आहे. मग तात्पुरती मी देते.”

पर्यटकांच्या खोल्यांचं सगळं उत्पन्न त्या उन्हाळ्यात पेट्यांत गेलं. ओसरीवर बॅटऱ्यांचा, तारांचा आणि पत्र्याचा एवढा पसारा झाला की आलेल्या पाहुण्याला आधी ‘इकडे पाय, तिकडे पाय’ असं सांगून लंगडी घालत खोलीपर्यंत न्यावं लागे. मे महिन्याच्या अखेरीला माझी गाडी छपरापर्यंत भरून आम्ही निघालो. आमची ही मागे पॅनेलच्या चळतीत कुठेतरी होती. अधूनमधून तिचा आवाज येई. महामार्गावर हवालदाराने गाडी अडवली.

“पेट्यांत काय?”

“सूर्य,” आत्या म्हणाली.

हवालदाराने एक उघडून पाहिली. हापूस नाही हे पाहून त्याचा चेहरा जो पडला, त्याची भरपाई आत्याने त्याला बॅटरीचं कार्य समजावून केली. मागे वाहनांची रांग लागली तेव्हा त्यानेच हात जोडले.

शेडींपाशी पोचल्यावर मात्र आत्या पेटी हातात धरून गाडीपाशीच उभी राहिली. उघडा माळ, त्यावर तापलेल्या पत्र्यांच्या ओळी, दोन कुटुंबांमध्ये गोणपाटाचा पडदा, आणि मागे अगदी अंगावर आल्यासारखा डोंगर. त्याच्या हिरव्या अंगावरून तांबडा ओरखडा खालपर्यंत उतरला होता. मग तिला आपण बाई असल्याचं आठवलं. तिने सगळ्यांना रांगेत बसवलं, एकेका घराला पेटी दिली, पॅनेल कसं पुसायचं, कुठे तोंड करून ठेवायचं ते शिकवलं, आणि शेवटी शपथ घ्यायला लावली. “हा उजेड मी मुलांच्या अभ्यासासाठीच वापरीन. मोबाइलवर गाणी ऐकण्यासाठी वापरणार नाही.” ज्यांनी जन्मात शाळेची पायरी पाहिली नव्हती अशा म्हाताऱ्यांनीही हात पुढे करून गंभीरपणे शपथ घेतली. बुधीचा नवरा तर दोनदा म्हणाला, एकदा आपली आणि एकदा घरी झोपलेल्या भावाची.

आषाढात आत्याने अचानक तपासणी काढली. अचानक म्हणजे मला अचानक. दिवेलागणीला आम्ही पोचलो तेव्हा पाऊस सपाटून लागला होता. पहिल्या शेडीत दिव्याखाली मासे साफ करणं चाललं होतं. दुसरीत मोबाइलवर गाणी. तिसरीत पोरं खरोखर उजेडात बसली होती, पण गोट्या खेळत. आत्याचं नाक लाल होऊ लागलं. शेवटच्या शेडीशी आलो तर बुधीने पेटीचा सगळ्यात मोठा दिवा बाहेर बांबूला बांधून चक्क डोंगराकडे तोंड करून लावलेला.

“हे काय आहे, बुधी?” आत्याचा आवाज पावसावर चढला. “डोंगराची परीक्षा आहे का? त्याला अभ्यासाला बसवलंयस?”

बुधीने पदर डोक्यावर ओढला. “पाऊस लागला की आवाज येतो, आत्या. ह्या पत्र्यावर समदेच आवाज एकसारखे. पाण्याचा की दगडाचा, कळत न्हाय. मंग पोरं रडतात, म्हातारी उठून बाहेर पळतात. आता दिवा लावला की तो ऐन दिसतो.” तिने बोट दाखवलं. उजेडाच्या टोकाला, पावसात, ऐनाचं एक जुनं झाड धूसर दिसत होतं. “ऐन उभा हाय, म्हंजी डोंगर उभा हाय. मंग निजतात समदी.”

आत्या छत्री धरून त्या झाडाकडे बघत राहिली. परतीच्या वाटेवर तिने मला गाडी हळू चालवा म्हणून सांगितलं नाही की एसीवरून टोमणा मारला नाही. वडखळ मागे गेल्यावर एकदम म्हणाली, “चार दिवे लावून मी त्यांना अभ्यासाची शपथ घालत होते हो. झोप लागत नाही त्या माणसांना.”

पुढच्या खेपेला ती आक्षीच्या बंदरावर गेली आणि एका ओळखीच्या नाखव्याकडून होडीवरचा जुना मोठा दिवा घेऊन आली. दोन पेट्यांच्या बॅटऱ्या जोडून तो तिने डोंगराच्या रोखाने बसवला. दिवा लावल्यावर ऐन तर दिसलाच, त्याच्या वरची अर्धी चढणही दिसली. त्या रात्री म्हणे सगळी वस्ती गाढ झोपली. बाकीचा तालुका मात्र जागा झाला. महामार्गावरून तो उजेड दिसायचा. ढाबेवाले म्हणू लागले, शूटिंग आलंय. पलीकडच्या गावात डोंगरावर देवीचं तेज उतरल्याची बातमी गेली, आणि दोन टेम्पो भरून माणसं नारळ घेऊन आली. बुधीने नारळ ठेवून घेतले. मग कुठल्याशा खात्याचे एक गृहस्थ आले आणि, डोंगर सरकारी असल्यामुळे त्यावर उजेड पाडायची परवानगी कोणाकडून घेतली, असं विचारून गेले. “दिवसा जो पाडतो त्याला तुम्ही विचारलंत का?” असं आत्याने त्यांना फोनवर विचारलं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

पण खरा घोटाळा पुढेच होता. एवढा बोभाटा झाल्यावर वीज कचेरीचा माणूस पाहणीला आला आणि त्याने अहवाल दिला: वस्तीत घरोघरी दिवे असल्याचे आढळले, सबब जोडणीची निकड नाही. हा अहवाल आमच्या ‘नववी ब’ साहेबांनी स्वतः फोन करून, चाचरत, बाईंना वाचून दाखवला. तात्पुरत्या उजेडाने आत्याने कायमच्या विजेचीच वाट अडवली होती. आणि नुसती विजेची नव्हे. शेडीत आता सगळी सोय झालेली आहे, मग पक्क्या घरांची एवढी घाई कशाला, असंही वरच्या कचेरीत कोणीतरी म्हणाल्याचं कानावर आलं. मी दोन दिवस तिच्याकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी ती बोलली ते एकच वाक्य बोलली: “पेट्या परत आणायच्या.”

आम्ही गेलो. आत्याने सगळ्या बायांना गोळा करून खरं ते सांगितलं, की माझ्या दिव्यांमुळे तुमचं काम अडलंय, तेव्हा दिवे मी नेते. कोणी जागचं हललं नाही. बुधीने विचारलं, “नेल्यावर घर देतील?”

“देतील असं नाही.”

“मंग ऱ्हाऊ दे की. साहेब येतील त्या दिवशी झाकून ठेवू.”

जन्मभर मुलांना कॉपी करताना पकडलेल्या बाईला ही योजना पचायला जड गेली. तिने पाण्याचा तांब्या मागितला, अर्धा प्यायली आणि म्हणाली, “सगळे दिवे एका शेडीत ठेवा. वरून गोधडी टाका.” मग तिने ‘नववी ब’ला फोन लावला. “फेरपाहणी कर. दुसऱ्याला पाठवू नकोस, तू स्वतः ये. आणि दिवेलागणीला ये. भर दुपारी अंधार मोजता येत नाही.”

तो आला, बिचारा. बरोबर महसूलचे एक साहेब आणि मोजायची टेप घेतलेला शिपाई. आत्याने त्यांना बुधीच्या शेडीत गोधडीवर बसवलं आणि बिनदुधाचा चहा दिला. बाहेर श्रावणसरी म्हणाव्यात असा पाऊस होता; हळूहळू तो श्रावणाचा राहिला नाही. उजेड गेला. चुलीतल्या निखाऱ्याएवढाच काय तो प्रकाश. महसूलचे साहेब जागेच्या मालकीबद्दल काही सांगत होते, तेवढ्यात पत्र्यावरचा आवाज वाढला आणि त्याच्या खालून आणखी एक आवाज आला, घरघरल्यासारखा, लांबून सुरू होऊन जवळ येणारा. साहेबांचं वाक्य थांबलं. पलीकडच्या शेडीत पोर रडायला लागलं. कोणाचा तरी कप लवंडला.

“कसला आवाज आहे?” महसूलचे साहेब.

“कळत न्हाय,” बुधी शांतपणे म्हणाली. “कधी पाणी असतं.”

“आणि कधी?”

आवाज आणखी जवळ आला. आणि अंधारात ‘नववी ब’चा आवाज आला, अगदी नववीतला: “बाई, दिवा लावा ना!”

“कुठला दिवा?” आत्या म्हणाली. ती स्वतः माझं मनगट गच्च धरून बसली होती. दुसऱ्या दिवशीही वळ दिसत होते. पण आवाज वर्गातला होता. “अहवालात नाहीत का घरोघरी? त्यातलाच एखादा लाव.”

पण ते लांबवायला तिलाही धीर झाला नाही. बुधी केव्हाच उठली होती. तिने बाहेर जाऊन गोणपाटाखाली झाकून ठेवलेला होडीचा दिवा लावला. आम्ही सगळे दारात गोळा झालो. ऐन उभा होता. वरची चढण होती तिथेच होती. ओढ्याला लोंढा आला होता, त्यात वाहून येणारे दगड गडगडत होते, एवढंच. महसूलच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घालायचं विसरले. नववी ब त्या झाडाकडे टक लावून बघत म्हणाला, “रोज असं होतं?”

“रोज न्हाय,” बुधी म्हणाली. “पाऊस असंल तवाच.”

पुढचं सगळं लगेच झालं असं मी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. कागद फिरले, अडकले, पुन्हा फिरले. पण आता आत्या रोज फोन करून आठवण देई आणि नववी ब ते कागद हातात घेऊन स्वतः टेबलाटेबलाला जाई, असं त्याच्या शिपायानेच मला सांगितलं. शेडींनी आणखी एक पावसाळा काढला. मग डोंगरापासून लांब, सपाटीवर, विटांची घरं झाली, आणि घरांच्या आधी तिथे खांब आले.

घरं ताब्यात द्यायच्या दिवशी मांडव होता. मोठ्या पाहुण्यांनी बटण दाबलं, सगळ्या घरांत एकदम दिवे लागले, टाळ्या झाल्या. भाषणात पाहुणे म्हणाले की ही माणसं इतकी वर्षं अंधारात होती. आत्याला व्यासपीठावर बोलवायचं कोणाला सुचलं नव्हतं. ती मागच्या रांगेत माझ्याशेजारी बसली होती, आणि टाळ्या वाजवता वाजवता वरच्या तारांकडे बघून “झोळ जास्त दिलाय,” असं पुटपुटत होती. समारंभ उरकल्यावर बायांनी पेट्या आणून तिच्यापुढे मांडल्या. पुसून लख्ख केलेल्या, प्रत्येकीवर हळदकुंकवाचं बोट. “आता तुझ्या तुला,” बुधी म्हणाली. आत्याने त्यातली एकही घरी आणली नाही. दिवाळीनंतर वस्तीतली जी कुटुंबं वीटभट्टीवर जाणार होती त्यांच्याबरोबर तिने त्या लावून दिल्या. या खेपेला शपथ कसलीच घातली नाही.

बुधीला आता सरकारी कामावर रोजगार मिळतो; ती वाडीत येत नाही. आत्याचे गुडघे गेले आहेत, त्यामुळे कवडशामागे खुर्ची घेऊन फिरणंही थांबलं. तिच्या संध्याकाळचा एकच कार्यक्रम उरला आहे. दिवेलागणीला बुधीचा फोन येतो. आत्या फोन लांब धरून ओरडते, “गेली का गं वीज?” पलीकडून उत्तर येतं, “न्हाय. हाय.” “व्होल्टेज कमी वाटतंय का?” “न्हाय, बेस हाय.” “उत्तम,” आत्या म्हणते, पण हे ‘उत्तम’ ती ज्या सुरात म्हणते, त्या सुरात मी लोकांना ‘नापास’ म्हणताना ऐकलं आहे.

परवा मी तिच्याकडे होतो. दिवेलागण होऊन गेली तरी फोन वाजला नाही. आत्या आधी घड्याळाकडे बघत होती, मग माझ्याकडे बघू लागली. चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी जुनं तेज आलं होतं. “गेली असणार,” ती म्हणाली. “खांबांचं काम बघूनच मी म्हटलं होतं. गाडीत पेट्रोल आहे ना?” आणि गुडघ्यांना न विचारता उठून तिने चपला पायात सरकवल्यासुद्धा. तेवढ्यात फोन वाजला. बुधी माणगावच्या बाजाराला गेली होती, यायला उशीर झाला. वीज होती. आत्याने एका पायातली चप्पल काढली, मग दुसऱ्या पायातली. “बरं झालं,” ती म्हणाली. “चांगलं झालं हो.” मला वाटलं, आता फोन ठेवेल. पण पलीकडे बुधीने विचारलं, “जेवलीस का, आत्या?” आणि मग ती बाजारातलं काहीबाही सांगू लागली, सुकट काय भाव मिळाली, नातवाला चपला घेतल्या त्या कशा मोठ्या निघाल्या. आत्या पायरीवर बसली. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून, कोणाला मध्ये न तोडता, काही न दुरुस्त करता, ती ऐकत राहिली.